बेसबॉलची वर्गणी

शैलेंद्र पोवारांच्या गाडीत मी सहा वर्षं बसतेय, पण गाडी चालवताना त्यांचं पूर्ण लक्ष रस्त्याकडे आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही. शारजाच्या अल नहदा भागातल्या आमच्या टॉवरमधून निघायचं, शारजा आणि दुबईच्या सीमेवर ती रोजची रांग लागली की थांबायचं, आणि मग पोवारांनी समोरच्या काचेतून पलीकडे कुठंतरी बघत आकडे पुटपुटायचे. सुरुवातीला मला वाटायचं, हे जप करतात. नंतर कळलं की हे दिरहमचे रुपये करतात. पेट्रोल भरलं की रुपये, पार्किंगचा मेसेज आला की रुपये, माझ्या हातातला चहाचा कप दिसला की त्याचेही रुपये. मी एकदा वैतागून म्हणाले होते, पोवार, आता तुम्ही श्वास घेतला त्याचे किती झाले? त्यावर ते लाजून हसले आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा सुरू झाले.

आम्ही दोघं दुबईतल्या एकाच खासगी कॉलेजात कामाला. मी ॲडमिशनच्या खिडकीवर, ते फायनान्समध्ये. पोवार मूळचे सांगलीकडचे. एकोणीस वर्षं झाली त्यांना इथे, आणि त्यातली बरीचशी 'नाही' म्हणण्यात गेली. नवा प्रिंटर हवा? नाही. प्रोजेक्टर दुरुस्त करायचाय? पुढच्या टर्मला. माणूस मनाने लोण्यासारखा, पण कोणी खर्चाचा कागद पुढे केला की त्याचा चेहरा उपासाच्या दिवशी कोणी भजी पुढे करावी तसा व्हायचा.

घरीही तेच झालं होतं. बायको ममता वहिनी आणि मुलगी शुभ्रा आधी इथेच होत्या. शुभ्रा पाचवीत गेली तेव्हा शाळेची फी वाढली, घरभाडं वाढलं, आणि एका संध्याकाळी पोवारांनी सगळी बेरीज-वजाबाकी करून ठरवलं की कुटुंब इथे ठेवणं परवडत नाही. वहिनींनी वाद घातला नाही. सामान बांधलं, झाडांच्या कुंड्या शेजारी वाटल्या आणि मुलीला घेऊन त्या सांगलीला गेल्या. त्या गोष्टीला नऊ वर्षं होत आली होती. पोवार एका खोलीत राहायचे, दुसरी खोली भाड्याने दिली होती, आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर वहिनी भाजी चिरताना दिसायच्या. मला विचाराल तर हा हिशेब मला कधीच पटला नाही, पण दुसऱ्याच्या संसारात आपण किती बोलायचं.

अशा माणसाच्या गळ्यात कॉलेजच्या बेसबॉल टीमचा हिशेब पडला. टीम जुनी होती. आखातातल्या कॉलेजांच्या लीगमध्ये खेळायची, दोनदा अंतिम सामन्यापर्यंत गेली होती. खर्च सगळा आमच्या कॉलेजचा. मैदान शहराबाहेर, वाळवंटाच्या कडेला, तासावर भाड्याने. बॅटी, हेल्मेटं, मागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या अंगावरचं ते चिलखत, पंचांचं मानधन, बस, विमा, प्रशिक्षकांचा पगार. वर्षाला एक लाख चाळीस हजार दिरहम. म्हणजे चौतीस लाख रुपये, असं पोवार मला रांगेत गाडी थांबली की सांगायचे आणि कपाळावर हात मारायचे. त्यांना त्या खेळाचा ओ की ठो कळत नव्हता. बेसबॉल त्यांना फक्त किमतींमधून माहीत होता.

आमच्या फायनान्सच्या प्रमुखांना सगळे मुदीर म्हणतात. मुदीर म्हणजे साहेब. या मुदीरनी एकदा विचारलं की एवढे चेंडू जातात कुठे, जरा बघून या. म्हणून एका जानेवारीतल्या शनिवारी पोवार पहाटे उठून मैदानावर गेले.

त्या सकाळची गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे नव्हते हे मी विसरूनच जाते. इथे थंडीत धुकं पडतं तेव्हा ते नुसतं पडत नाही, ते येऊन बसतं. विमानं उशिरा सुटतात, टॉवरांचे वरचे मजले गायब होतात आणि माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. पोवार लाकडी पायऱ्यांवर जाऊन बसले तर मैदान होतं की नाही तेच कळेना. समोर सगळं पांढरं. मग त्या पांढऱ्यातून आवाज आला, टण्ण. थोडा वेळ काहीच नाही. मग खूप लांबून कोणीतरी हसलं. पुन्हा टण्ण. पोवार म्हणतात, मंजुषाताई, मला वाटलं मी झोपेतच आहे आणि कोणीतरी शेजारच्या घरात देवाची घंटा वाजवतंय.

आणि मग धुक्यातून एक चेंडू घरंगळत आला आणि त्यांच्या बुटाला लागून थांबला. पांढरा, दवाने ओला, वर लाल दोऱ्याची शिवण. त्यांनी तो उचलला. वीस दिरहम, म्हणजे चारशे ऐंशी रुपये, हे आपोआप ओठांवर आलं. पण तो परत फेकायचा कुठे, हे दिसत नव्हतं. तेव्हा ते त्याला दोन्ही हातांत धरून तसेच बसून राहिले, धुकं वर जाईपर्यंत. धुकं उठलं तेव्हा मैदान हिरवंगार होतं, पोरं धावत होती आणि प्रशिक्षक अक्रम भाई त्यांच्याकडे बघून हात हलवत होते.

माणूस गेला तो तिथेच गेला. चेंडू जातात कुठे याचं उत्तर त्यांनी मुदीरना दिलं की कुंपणापलीकडे, पण ते सांगताना त्यांचा आवाज प्रेमात पडलेल्या माणसासारखा होता. नंतरचे दोन हिवाळे ते दर शनिवारी जायचे. अक्रम भाई लाहोरकडचे, स्वभावाने शांत. ते पोवारांना समजावायचे की साहब, ये क्रिकेट नहीं है, यहाँ घर से निकलते हैं और घूमके घर ही आना होता है, उसी का एक रन. हे वाक्य पोवारांना फार आवडलं होतं. गाडीत ते मध्येच म्हणायचे, घरातनं निघायचं आणि घरी यायचं, एवढाच खेळ आहे बघा. मी म्हणायचे, मग तुम्ही कधी खेळणार? त्यावर ते गिअर बदलायचे.

पण कुंपणापलीकडे चेंडू गेला की मोजणं काही सुटलं नव्हतं. गेले वीस. गेले अजून वीस. हे पुटपुटत ते स्वतः पार्किंगमध्ये गाड्यांच्या खाली वाकून चेंडू शोधायचे. अक्रम भाईंची पोरं त्यांना प्रेमाने ट्वेंटी अंकल म्हणायची.

मग एका नोव्हेंबरात मुदीरनी सांगितलं की पुढच्या वर्षीपासून बेसबॉल खलास. कॉलेजला एवढा खर्च झेपत नाही. मार्चच्या बजेटआधी बाहेरून कोणी पैसे घालायला तयार झालं तर बघू, इन्शाल्ला. मुदीरनी इन्शाल्ला ज्या सुरात म्हटलं त्यातच उत्तर होतं.

पोवारांनी कंपन्यांना मेल टाकल्या. कोणी क्रिकेटला देतो म्हणालं, कोणी फुटबॉलला. रोज सीमेवरच्या रांगेत ते गप्प. आकडेसुद्धा पुटपुटत नव्हते, आणि खरं सांगते, मला ते पुटपुटणं ऐकायची इतकी सवय झाली होती की गाडीत गुदमरायला व्हायचं.

आणि मग त्यांनी ते केलं, जे सांगलीत वाढलेला माणूसच करू जाणे. तरुणपणी ते गल्लीतल्या गणेश मंडळाचे खजिनदार होते. त्या काळचं एक कोरं पावतीपुस्तक, वर गणपतीचं चित्र असलेलं, त्यांच्या ट्रंकेत होतं. त्यांनी मंडळाच्या नावावर पेनाने रेघ मारली, खाली 'बेसबॉल' लिहिलं, आणि आमच्या टॉवरमध्ये मजल्यामजल्यावर वर्गणी मागत फिरले. आपल्या लोकांना बेसबॉल काय ते माहीत नव्हतं, पण दारात पावतीपुस्तक घेऊन कोणी उभं राहिलं की खिशात हात जातोच. कोणी पन्नास दिले, कोणी शंभर. सहाव्या मजल्यावरच्या मैमुनाबी, हर्णैच्या, वयाने सत्तरीच्या, लेकाकडे राहतात. त्यांनी पदरातून वीसची नोट काढली आणि गणपतीला हात लावून पावती डब्यात ठेवली. दोन हजार तीनशे साठ दिरहम जमले. पोवार ते पैसे घेऊन सरळ कॉलेजच्या कॅशियरकडे भरायला गेले, कारण प्रामाणिकपणा हा त्यांचा दुसरा रोग.

तासाभरात कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम-परवाने बघणाऱ्या विभागातल्या, सोनमने त्यांना आत बोलावलं. मी बाहेर उभी होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं.

"पोवार सर, ये डोनेशन कलेक्शन है, बिना परमिट," सोनम म्हणत होती. "इथे हा गुन्हा आहे. कोणी कंप्लेंट केली तर जॉबच काय, व्हिसा पण जाईल. आज के आज सबका पैसा वापस कीजिए."

एकोणीस वर्षं इथे राहिलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण वर्गणी म्हणजे डोनेशन, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्गणी म्हणजे वर्गणी. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला आधी राग आला, आणि मग मी घाबरून बोलतच सुटले.

संध्याकाळी ते पुन्हा मजल्यामजल्यावर फिरले, आता पैसे परत द्यायला. मी सोबत गेले, कारण एकटे गेले असते तर ते जिन्यातच बसून राहिले असते. आणि तिथे दुसरीच आफत उभी राहिली. कोणी पैसे परत घेईना. एकाने हसून दार लावलं. एकीने जेवायला बसवलं आणि नोटा परत पोवारांच्याच खिशात कोंबल्या. मैमुनाबींनी तर हात मागे घेतला.

"दिलेली वर्गनी परत घेत नाय बाबा," त्या म्हणाल्या. "घरातली बरकत जाते. तू आमाला जेवन घाल त्याचं, ते चालंल."

पोवार जिन्यात थांबले. उरलेली वर्गणी परत देता येत नसेल तर मंडळ काय करतं? महाप्रसाद घालतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सोनमला विचारलं, ज्याचे पैसे त्यालाच खाऊ घातले तर चालेल का. सोनमने बराच वेळ कपाळ चोळलं, कॅम्पसच्या नियमांची फाइल उघडली आणि म्हणाली, प्रत्येकाला आपला हिस्सा मिळाला असं लिहून घ्या आणि मला पुन्हा असलं काही दाखवू नका.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आमचा सगळा टॉवर दोन बसमधून वाळवंटाच्या कडेच्या त्या मैदानावर गेला. बसचे पैसे लोकांनी आपापले दिले. वर्गणीच्या पैशांतून, शेजारच्या अजमानमध्ये घरगुती नाश्ता करून देणाऱ्या एका बाईंकडून पोहे, शिरा आणि चहाचे मोठे थर्मास आले. त्या दिवशी सामना होता. दुसरं कॉलेज आलेलं, पंच आलेले, आणि धुकं असं उतरलेलं की सामना सुरूच होईना. आमची माणसं पायऱ्यांवर शाली गुंडाळून बसली. कोणाच्याही पलीकडचं कोणी दिसत नव्हतं. चहाची वाफ आणि धुकं यात फरक राहिला नव्हता. बायकांच्या गप्पांचे, चमच्यांचे, पोरांच्या हसण्याचे आवाज तेवढे इकडून तिकडे फिरत होते. मला आयुष्यात इतकं स्वस्थ कधी वाटलं नव्हतं, हे मी आजही म्हणेन.

सामना थांबलेला, म्हणून खेळणारी पोरंही नाश्त्याला आली. एक उंच मुलगा, रेयांश, मैमुनाबींच्या शेजारी बसला. पोवार हातात पळी घेऊन शिरा वाढत होते. मैमुनाबींनी त्याची विचारपूस सुरू केली. कुठला तू, घर कुठे, आई-बाप कुठे. तो म्हणाला, मस्कतला. त्या म्हणाल्या, मग तिथे कॉलेजं नाहीत काय, एवढ्या लांब येऊन पोटाला काय खातोस?

"बट नानी, देअर इज नो टीम देअर," रेयांश तोंडात शिरा घेऊन म्हणाला. "आय केम हिअर ओन्ली फॉर बेसबॉल. ऑलमोस्ट ऑल ऑफ अस."

"म्हंजी ह्या खेलासाठी तुज्या बापानं हितली फी भरली?"

"येस, नानी."

पोवारांच्या हातातली पळी तशीच थांबली. त्यांनी धुक्यातून माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. दर वर्षी माझ्या खिडकीवर चार-पाच पोरं येतात, आधी मैदानाचं विचारतात आणि मग कोर्सचं. मला ते माहीत होतं. पण खर्च पोवारांच्या टेबलावर यायचा आणि फी तिसऱ्याच खात्यात जमा व्हायची, आणि दोन्ही एका जागी ठेवून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही.

पोवारांनी पळी माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसले. ओठ हलत होते. टीममधली पंधरा पोरं फक्त या खेळापायी आलेली. एकेकाची फी बेचाळीस हजार. सहा लाख तीस हजार दिरहम, म्हणजे दीड कोटी रुपये. टीमवर खर्च एक लाख चाळीस. मी म्हणाले, पोवार, अहो, टीम तुम्हाला पोसत होती आणि तुम्ही तिला ओझं समजत होता. मी हे टीमबद्दलच बोलले होते, देवाशपथ. पण ते एकदम माझ्याकडे बघायला लागले.

"मंजुषाताई," ते म्हणाले, "मी ममताला पण खर्चाच्याच बाजूला लिहिलं होतं."

शिरा गार होत होता, तो मी वाढत राहिले. ते तिथेच बसून होते, चष्मा काढून, दोन्ही हात गुडघ्यांत. मैमुनाबींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. धुकं निघालं तेव्हा नाश्ता संपला होता आणि पंचांनी खेळाडूंना बोलावलं. सामना आम्ही हरलो, पण आमच्या टॉवरला ते बहुधा कळलंच नाही. लोक प्रत्येक टण्णला टाळ्या वाजवत होते.

सोमवारी पोवारांनी मुदीरपुढे एकच कागद ठेवला. डावीकडे खर्च, उजवीकडे पोरांची फी. मुदीरनी तो दोनदा वाचला आणि मला फोन करून विचारलं की हे खरं आहे का. मी हो म्हटलं. मार्चमध्ये बजेट आलं, त्यात टीम होती. चेंडूंसाठी थोडे जास्तच पैसे होते. अक्रम भाईंनी पोवारांना मिठी मारली आणि म्हणाले, यल्ला, चलो, अब तो एक बार बॅट पकड लो साहब. पोवारांनी पकडली, चेंडूला लागली नाही, आणि सगळी पोरं ट्वेंटी अंकल म्हणून ओरडली.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगलीला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की पुढच्या महिन्यात त्यांनी भाड्याने दिलेली खोली रिकामी करून घेतली आणि भिंतींना रंग दिला. मी विचारलं, भाड्याचे किती गेले? ते म्हणाले, मोजलं नाही. मला वाटलं, आता सूर्य पश्चिमेला उगवणार. शुभ्रा पुण्यात शिकते, तिची परीक्षा आणि नवं होस्टेल लावून वहिनींना निघायला डिसेंबर उजाडला. विमानतळावर मीही गेले होते. दोघं समोरासमोर आले. पोवारांनी फक्त ट्रॉली त्यांच्या हातातून घेतली, आणि मग आम्ही चुकीच्या दारातून असे बाहेर पडलो की मला गाडी शोधायला अर्धा तास लागला.

या जानेवारीत आम्ही तिघं त्या पायऱ्यांवर बसलो होतो. हंगामातलं पहिलं धुकं, पण पातळ, खेळता येण्यासारखं. वहिनींनी कुंचीसारखी शाल डोक्यावरून घेतली होती आणि मांडीवर डबा होता. अक्रम भाईंचं ते घरातून निघून घरी यायचं वाक्य पोवारांनी त्यांना समजावून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, असं का, आणि समोर बघत राहिल्या.

रेयांश बॅट घेऊन उभा राहिला. टण्ण आवाज झाला आणि चेंडू वर गेला, खूप वर, कुंपणाच्या दिशेने, आणि धुक्यात शिरला. सगळ्यांच्या माना वर. मला सवयीने वाटलं, आता हे म्हणतील, गेले वीस. वहिनींनाही ते माहीत असावं, कारण त्यांनीच हळूच विचारलं.

"काय हो, केवढ्याला असतो हा चेंडू?"

पोवार वरच बघत होते. त्यांचा हात वहिनींच्या हातावर होता.

"थांब," ते म्हणाले. "पडला नाही अजून."